उद्या साहेबांना काय सांगणार?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर 'प्रभावी सादरीकरणाची दहा सूत्रं' असा लेख मागितला. मी म्हटलं, माझ्याकडे दहा नाहीत, एकच आहे. त्या एकावर मी रोह्यात वीसेक वर्षं पोट भरलं आणि तेवढीच वर्षं त्यावरून लोकांशी भांडले. ते म्हणाले, "मग भांडणंच लिहा." तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी हे तिखट लागलं तर दोष त्यांचा.

माझं ऑफिस रोह्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, घर जवळच वरसे गावात. सुरुवात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या बॅनरपासून झाली. मग औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांमधून माणसं पेन ड्राइव्ह घेऊन यायला लागली. "मॅडम, ही पीपीटी जरा चांगली दिसेल अशी करून द्या." पीपीटी म्हणजे काय ते ज्यांना कधी गरज पडली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं असतं. ऑर्डर, कर्ज, मंजुरी, बढती. ते मागताना मागे पडद्यावर चित्रं आणि मजकूर दाखवायचा. एका वेळी पडद्यावर जेवढं दिसतं ती एक स्लाइड. मी स्लाइड करते आणि त्यांच्यापुढे उभं राहून काय बोलायचं तेही शिकवते. पहिल्या कामाचं लोक बिल मागतात. दुसरं काम त्यांना वाटतं मी चहा पिता पिता करावं.

'चांगली दिसेल अशी' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. कुणासाठी चांगली, हे कोणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, "सगळ्यांसाठी." सगळे म्हणजे कोण? खोलीत दहाजण बसले तरी ठरवणारा एक असतो, फार तर दोन. बाकीचे बिस्किटं खायला आलेले असतात. तो एक कोण, हे माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत माहीत नसतं. हल्ली तर विचारायचीही सोय राहिली नाही. फोनला सांगितलं की फोनच पीपीटी करून देतो, हात मिळवणारी गोरी माणसं आणि वर जाणारा बाण घालून. मग ती माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "फक्त मराठी नीट करा."

माझं सूत्र असं. तुमचं ऐकणारा माणूस उद्या ते कुणाला तरी सांगणार असतो. साहेबाला, हेड ऑफिसला, भागीदाराला, बायकोला. तिथं तुम्ही नसता आणि तुमचा पडदाही नसतो. तिथं त्याला एका दमात सांगता येईल असं एक वाक्य त्याच्या हातात पडलं पाहिजे. आणि त्या वाक्यानं त्याची भीती मिटली पाहिजे. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच, की हे काम बिघडलं तर हा माणूस कुणाच्या शिव्या खाणार आहे आणि कशाबद्दल. ते कळलं की स्लाइड तीन लागतात. कधी एकही लागत नाही. कळलं नाही की साठ लागतात.

साठ स्लाइडवरून आठवलं. इथल्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं होतं. नाव घेत नाही. सुरक्षा अधिकारी तरुण होता, शिकलेला, मेहनती. त्यानं मला साठ स्लाइड दिल्या, सगळ्या इंग्रजीत, कायद्याच्या कलमांसकट. समोर बसणारी माणसं भात कापून झाला की कंपनीत येणारी, आसपासच्या गावांतली. मी त्याला विचारलं, "भोंगा वाजला की यांनी काय करायचं?"

"ते एकेचाळिसाव्या स्लाइडवर आहे."

"मला तोंडी सांगा."

"विंडसॉक बघायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळायचं."

विंडसॉक म्हणजे छपरावर काठीला बांधलेली ती नारिंगी पिशवी. वारा कुठे चाललाय ते दाखवते. गॅस वाऱ्याबरोबर जातो, तेव्हा त्याच्यापुढे पळायचं नाही, बाजूला पळायचं. मी म्हटलं, एवढंच सांगा. सगळ्यांना मैदानात उभं करा, पिशवी दाखवा आणि एकदा पळवा. बाकीचं फाइलला लावा. तो म्हणाला, "मॅडम, ऑडिटवाल्यांना साठ दिसायला पाहिजेत." म्हणजे ते प्रशिक्षण कामगारांसाठी नव्हतंच. त्यानं पडद्याकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून साठही वाचल्या. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या रांगेतल्या एकाला विचारलं, काय कळलं. तो म्हणाला, "एशी मस्त व्हता."

पुढच्या पावसाळ्यानंतर भोंगा खरोखर वाजला. एका पाइपचा जोड सुटला होता. सगळे गेटकडे पळाले, कारण माणूस घाबरला की ज्या वाटेनं आला त्या वाटेनंच जातो. वाराही गेटकडेच चालला होता. जीव कुणाचा गेला नाही. पण एकाच्या छातीचं दुखणं कायमचं झालं. मी त्याला घरी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ती पिशवी रोज बगायचो मॅडम. मला वाटायचं कसली तरी जाहिरात हाय." प्रशिक्षण झाल्याच्या कागदावर त्याची सही होती. कागद बरोबर होता, ऑडिटही पास झालं. त्या अधिकाऱ्याला बढती मिळून तो गुजरातेत गेला, आणि अजून मला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो. मी उत्तर देत नाही.

सगळेच असे नसतात. नाझिमभाई म्हणून एक गृहस्थ आले होते. खाडीकडच्या गावातले, बरीच वर्षं आखातात काढून परतलेले. त्यांना मासळीसाठी बर्फाचा कारखाना टाकायला बँकेचं कर्ज हवं होतं. भाच्यानं फोनवर पीपीटी करून दिली होती. पहिल्याच स्लाइडवर उंच काचेच्या इमारती.

"हे कुठलं, नाझिमभाई?"

"ठाऊक नाय. भाचा बोलला, इंप्रेशन पडतं."

"बँकेचा मॅनेजर तुमच्याबद्दल काय विचार करत असेल?"

त्यांनी पान तोंडात फिरवलं. "पैसेवाला समजत असेल."

"तो समजतोय की तुम्ही परत विमानात बसणार. कर्ज इथं आणि तुम्ही तिथं. मग हेड ऑफिस त्याची मान धरणार."

नाझिमभाईंनी पान गालात सारलं. मग म्हणाले, "पण माझा व्हिसा मी कॅन्सल करून आलो. पोरींची नावं रोह्याच्या शाळेत घातली."

"हे भाच्याच्या पीपीटीत कुठं आहे?"

"यात सांगायसारखं काय हाय?"

मी इमारती काढल्या आणि त्यांना सांगितलं, खुर्चीत बसल्याबरोबर हे बोला आणि मग थांबा. ते बोलले. थांबले मात्र नाहीत. बर्फावर तासभर बोलले, मॅनेजरची गाडी चुकवली. तरी दोन खेपा घालून कर्ज झालं. कारण मॅनेजरला वर सांगायला वाक्य मिळालं होतं. माणसाला स्वतःच्या घरातली गोष्ट सांगण्यासारखी वाटत नाही, आणि परक्याच्या इमारती वाटतात. या एका रोगावर माझा धंदा चालतो आणि याच रोगाचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आता हमरापूरची गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पेणच्या गणपतींबद्दल मी सांगायला नको. पेणजवळच्या या हमरापुरात घरटी कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, फळ्यांचे माळे आणि त्यांवर रांगेनं गणपती. सुलभा तिथली. नवरा कंपनीत शिफ्टला, कारखाना ती आणि सासरे तात्या चालवतात. शाडूच्या मातीचं काम, आणि आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं सुलभाकडे. पण शाडूची मूर्ती जड आणि नाजूक, वेळ खाते. आजूबाजूला प्लास्टरच्या मोठ्या शेड उभ्या राहिल्या आणि तात्यांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. त्या वर्षी निम्मे माळे रिकामे होते. एका मोठ्या शेडवाल्यानं सुलभाला रोजावर आखणीला बोलावलंही होतं. म्हणजे स्वतःचा कारखाना बंद करून दुसऱ्याच्या शेडमध्ये दिवसभर डोळे काढत बसायचं. एखादी मोठी ऑर्डर आली नाही तर ती जाणार होती. हे तिनंच मला सांगितलं, रडत वगैरे नाही, भाव सांगावा तसं.

तेवढ्यात घरसजावटीच्या दुकानांच्या एका साखळीला शाडूच्या मूर्ती हव्यात असं कळलं. कुठल्याशा योजनेतून कारागिरांसाठी नेमलेला एक सल्लागार होता, निनाद नावाचा. मुंबईचा. त्यानं पेणच्या एका हॉटेलात सादरीकरण ठरवलं आणि मला स्लाइड सुंदर करायला सांगितलं. मी विचारलं, खरेदी करणारी कोण, तिला काय हवंय. म्हणाला, "मॅडम, स्टोरी सांगायची. वारसा. लोकांना वारसा आवडतो."

त्यानं पाऊण तास वारसा सांगितला. सुलभाच्या हाताचा फोटो भिंतीएवढा केला होता. साखळीतर्फे मिताली नावाची मुलगी आली होती, तिशीचीही नसेल. ती सगळं नीट ऐकत होती आणि काहीही टिपून घेत नव्हती. संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"डॅमेज किती होतं?"

"फार छान प्रश्न," निनाद म्हणाला. "त्याच्यावर आपण सविस्तर येऊच."

तिनं पुढच्या रांगेत बसलेल्या तात्यांकडे मान वळवली. "काका, वाटेत किती फुटतात?"

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. "आमच्यात तसं काय होत नाय."

"कधीच नाही?"

"नाय."

मितालीनं डायरी मिटली, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाली. मी प्रोजेक्टर तसाच चालू ठेवून तिच्यामागे पार्किंगमध्ये गेले.

"तुम्हाला काय ऐकायचं होतं?" मी विचारलं.

ती चिडलेली होती. मला बरं वाटलं, चिडलेली माणसं खरं बोलतात. "गेल्या वर्षी दुसरीकडून घेतल्या होत्या. खोकी उघडली तर कुणाची सोंड नाही, कुणाचा हात नाही. लोक बुकिंग करून गेलेले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक काकू दुकानात सगळ्यांसमोर मला काय काय बोलल्या. सर अजून टोमणे मारतात. आणि हे सांगतात, कधीच नाही. मातीची मूर्ती आणि कधीच नाही? मी काय वेडी दिसते?"

"नाही. पण ते म्हातारे खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत."

"मग हे काय होतं?"

"माहीत नाही. शोधून सांगते. तोवर दुसऱ्या कुणाला ऑर्डर देऊ नका."

निनादला मी फोनवर मितालीचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "मजबूत पॅकिंग अशी एक स्लाइड वाढवू." एक ट्रकचं चित्रही टाकू म्हणाला. मी फोन ठेवून दिला. माझ्या आयुष्यातला फार मोठा भाग अशा माणसांचे फोन ठेवण्यात गेलाय.

दोन दिवसांनी हमरापूरला गेले. अलिबागकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा टेम्पो भरत होते. लवकर नेऊन ठेवणाऱ्यांतला. खोक्यात भाताचा पेंढा, त्यात मूर्ती, वर पुन्हा पेंढा. तात्या स्वतः मोजत होते. गिऱ्हाइकानं पन्नास मागितल्या होत्या. मी बसल्या बसल्या मोजल्या तर बावन्न गेल्या.

"तात्या, दोन जास्त गेल्या."

"जातात बरोबर."

"पण कशाला?"

"असं इचारायचं नसतं, बाय." ते टेम्पोच्या पलीकडे निघून गेले.

सुलभानं मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. "ताई, तुमी रोह्याच्या ना? तुमाला कसं ठाव नाय?"

"काय?"

"ज्याच्यापुढं हात जोडायचे त्याच्याबद्दल तसं बोलत नाय. एखादी मूर्ती तशी झाली तर तिच्यावर फडकं टाकायचं. पान्यात सोडायची, माती मळायची, नवी करायची. तोंडातून तो शब्द काढायचा नाय. कारखान्यात तर नायच नाय. वाटंत पन व्हतंच की थोडं. म्हणून वरच्या देतो. शंभराला चार. गिऱ्हाइकाला ठाव असतं. तो पन इचारत नाय."

म्हणजे मितालीला हवं ते उत्तर दर वर्षी टेम्पोत बसून जात होतं. फक्त ते ज्यांना आधीच माहीत होतं त्यांनाच पोचत होतं. मितालीचा प्रश्न तात्यांना प्रश्न वाटलाच नाही, अभद्र वाटला. त्यांनी भद्र उत्तर दिलं. तिला ते थाप वाटलं. आणि मधे उभा असलेला, यासाठीच पगार घेणारा निनाद स्लाइडवर ट्रक काढायला निघाला होता.

मला तात्यांचाही राग आला, तो मी लपवला नाही. "तात्या, ही ऑर्डर गेली तर सुलभा दुसऱ्याच्या शेडमध्ये जाणार. तुम्हाला चालेल?"

"नाय चालनार."

"मग त्या मुलीला खरं सांगा. किती ते सांगा."

"माज्या तोंडातून निघायचं नाय. तू किती बी बोल." त्यांनी हात पुसले. "वरच्या देतो ते सांग. ते सांगायला काय नाय."

तेवढ्यावर आम्ही तयारी केली. मितालीकडून वाशीच्या ऑफिसातली वेळ मागून घेतली. निनादला कळवलं नाही. सुलभानं बोलायचं ठरलं, कारण उद्या मूर्ती मोडक्या निघाल्या तर मिताली तिलाच फोन करणार होती, मला नाही. तिची पहिली तालीम ऐकली तर सुरुवात तात्यांच्या वडलांपासून.

"हे काढ."

"आज्यांनी कारखाना काढला ते पन नको?"

"तिच्या साहेबांना तुझ्या आजेसासऱ्यांचं काय करायचंय?"

"तुमी लई कडक हाव, ताई. माजी सासू पन अशी नव्हती."

तालीम फोनवर चालायची, ती भाकऱ्या भाजताना. दर वेळी मी एखादं वाक्य काढून टाकायची. शेवटी तीन उरली. निघताना मी एकच ठरवलं होतं, की खोलीत मी तोंड उघडणार नाही.

सुलभा, तात्या आणि मी असे तिघं वाशीला गेलो. ऑफिस काचेचं. भिंतीवर मोठा पडदा तयार ठेवला होता. मितालीनं आमचे रिकामे हात बघितले. "प्रेझेंटेशन कुठे आहे?"

"नाय आनलं," सुलभा म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पण आवाज ठीक होता. "बाई, तुमी शंभर मागितल्या तर आमच्याकडून एकशेचार येतील. वरच्यांचे पैसे नाय. तुमच्या दुकानात शंभर उभ्या राहतील."

मितालीनं पेन उचललं. लिहिलं. हे मी वीस वर्षं बघत आलेय. माणूस लिहितो तेव्हा वाक्य त्याचं होतं.

"वरच्या चार कशाला?"

"असूद्या. येतात बरोबर."

मिताली हसली. तिला कळलं असं मला वाटलं. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. "सर, पेणचे आलेत. हो, तेच. नाही सर, डॅमेज झिरो. झिरो. गॅरंटी देतायत."

मला त्या क्षणी जो राग आला तो आजही सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्याच फोनवर, ते वाक्य मोडलं होतं. साहेबांना ऐकायला गोड लागेल तेवढंच तिनं उचललं. आणि आम्ही गप्प बसलो असतो तर ऑर्डर आमची होती. पुढे पहिल्याच खोक्यात तुटलेला हात निघाला असता आणि मिताली पुन्हा शिव्या खात उभी राहिली असती. मग ना ती हमरापूरला फिरकली असती, ना तिचा कुणी ओळखीचा. पण ते पुढचं. आत्ता ऑर्डर टेबलावर होती आणि सुलभाचे माळे रिकामे होते. सुलभानं माझ्याकडे बघितलं. मी न बोलायचं ठरवून आले होते, बोलले नाही. कारखाना तिचा होता.

तिनं मग तात्यांकडे बघितलं. तात्या टेबलाच्या काचेत बघत होते.

"बाई, फोन ठेवू नका," सुलभा म्हणाली. "झिरो सांगू नका. फुटतात."

तात्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"शंभराला चार फुटतात. एखाद्या साली पाच. माती हाय ती. म्हणून वरच्या देतो, आमच्या पदरच्या. तुमच्या सायबांना हेच सांगा."

मिताली फोन कानाला लावून थांबली. पलीकडून साहेबांचं "हॅलो, हॅलो" आम्हालाही ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "सर, माझं चुकलं. झिरो नाही. फुटतात. पण जास्तीच्या त्या स्वतःच्या खर्चानं पाठवतात. शंभर मागितल्या तर दुकानात शंभर उभ्या राहणार." थोडा वेळ ऐकलं. "नाही सर, मी नाही काढून घेतलं. त्यांनीच सांगितलं. मला फोनवर थांबवून."

मग बराच वेळ ती नुसतंच "हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "एखाद्या वर्षी पाच फुटतात म्हणता. मग पाच पाठवा."

तात्या म्हणाले, "सहा पाठवू."

ऑर्डर मिळाली. निनादनं मागितली होती त्याच्या निम्मी, पण माळे भरले, आणि सुलभा कुणाच्या शेडमध्ये गेली नाही. काही महिन्यांनी निनादच्या कुठल्याशा परिषदेतल्या स्लाइडचा फोटो मला कुणीतरी पाठवला. त्यात सुलभाचा तोच हात भिंतीएवढा, आणि खाली ठळक अक्षरांत 'शून्य डॅमेज'. मी फोन केला. "मॅडम," तो समजुतीनं म्हणाला, "झिरो वाचायला बरं वाटतं." त्याला मी काय बोलले ते संपादक छापणार नाहीत. स्लाइड अजून तशीच फिरते आहे. ती बघून कुणीतरी हमरापूरला येईल, शून्य मागेल आणि मिळालं नाही की कारागीर फसवतात म्हणत परत जाईल. त्या दिवशी निनाद तिथं नसेल. असल्या माणसांचं हेच तर असतं, बोलायला पुढे आणि निस्तरायला कुणीच नाही.

वाशीहून परत येताना आम्हाला पेणची एसटी मिळाली. तात्या खिडकीपाशी, मधे सुलभा, कडेला मी. पनवेल गेलं तरी तात्या बोलेनात. सुलभानं पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी घेतली नाही. मला वाटलं, आता हे घरी जाऊन जेवायचेसुद्धा नाहीत. खारपाड्याचा पूल आला तेव्हा त्यांनी बाहेरची नजर न काढता तोंड उघडलं.

"बोललीस ती तिथं बोललीस. कारखान्यात बोलू नको."

"नाय बोलनार," सुलभा म्हणाली. "तिथं कशाला बोलू? तिथं समद्यांना ठाव हाय."

तात्यांनी हात पुढे केला आणि पाण्याची बाटली घेतली.